नबीभाईंचा अंगठा

नबीभाईंना एका शब्दानं न विचारता मी त्यांचा सोडा साठमारीच्या अख्ख्या शामियान्याला कबूल करून आलो.

चूक एवढीच. वाचणाऱ्याला वाटेल, यात बिघडलं काय? सोडावाल्याला वाड्यावरचं गिऱ्हाईक मिळवून दिलं, त्यानं खरं तर गल्लीत साखर वाटायला हवी. ज्याला असं वाटतं त्यानं नबीलाल अत्तार यांच्या दुकानात कधी पाऊल टाकलेलं नाही, असं मी समजतो.

नबीभाईंच्या दुकानात गिऱ्हाइकाला आपली बाटली आपण फोडायची परवानगी नव्हती.

त्या काळी सोड्याच्या बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी असे. आतला ग्यास तिला वर दाबून धरी. अंगठ्यानं ती आत ढकलली की ‘टॉक्’ असा आवाज होई, आणि सोडा फसफसत वर येई. इतर गावचे सोडावाले बाटली गिऱ्हाइकाच्या हातात देऊन मोकळे होत. नबीभाई आधी बाटलीचं तोंड खांद्यावरच्या पंच्यानं पुसत, मग डोळे मिटत, मग गोटीवर अंगठा ठेवून क्षणभर थांबत. म्हणत, “गोटी दाबायची न्हवं, आप्पा. तिला इचारायचं. जातीस का बाई आत, म्हणून.” बाई आत जाई. मग बाटली तुमच्या हातात येई, आणि नबीभाई कमरेवर हात ठेवून तुमच्यासमोर उभे राहत. तुमच्या गळ्याकडे बघत. ढेकर येईपर्यंत.

“आला?”

“अजून नाही, नबीभाई.”

“मग थांबा की. गडबड कसली हाय?”

मागे माणसं ताटकळत असत. पण पहिल्याचा ढेकर आल्याशिवाय दुसऱ्याची बाटली फुटत नसे. एकदा पुण्याचा एक तरुण आला होता. त्याला गाडी गाठायची होती आणि ढेकर काही येईना. नबीभाई रिकामी बाटली हातात घेऊन त्याच्याबरोबर ठेसनाच्या वाटेला लागले. दुकान उघडं, गिऱ्हाइकं उभी. बऱ्याच वेळानं परत आले ते हसतमुखानं. म्हणाले, “फलाटावर आला.”

एका शास्त्रीबुवांनी सोड्याच्या बाबतीत आपल्यापुरता निर्णय देऊन टाकला होता. सोडा यंत्रात होतो, आतल्या पाण्याला माणसाचा हात लागत नाही, सबब विटाळ नाही. मात्र बाटली मीच फोडणार, असा त्यांचा आग्रह.

“ढेकर तुमचा, अंगठा माझा,” नबीभाई म्हणाले. “पटत असंल तर उभं ऱ्हावा. न्हायतर हौद हाय की कोपऱ्यावर.”

दिवस वैशाखाचे. शास्त्रीबुवा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मागे टॉक् झालं. बाटली कुठून आली हे आपण पाहिलेलंच नाही, अशा चर्येनं त्यांनी हात मागे केला. पुढे आलेला ढेकर मात्र हौदापर्यंत ऐकू गेला.

हे झालं फोडण्याचं. बाटल्या धुणं, आलं ठेचणं, गुलाबाचा पाक करणं, यंत्राचा दांडा फिरवून ग्यास भरणं, गोणपाट ओलं करून बाटल्यांवर घालणं, हेही सगळं त्यांचं तेच करत. दुकानाची पाटीसुद्धा त्यांनी स्वतः रंगवली होती. ती कुणाला वाचता येत नसे. लग्नाचं बोलावणं आलं की जेवढ्या बाटल्या स्वतःच्या हातानं फोडता येतील तेवढ्याच घेऊन जात. शेवटच्या पंगतीला पाण्यावर भागवावं लागे. मुलीचा बाप हातापाया पडला तरी उत्तर एकच.

“अंगठा एकच हाय.”

आणि अशा माणसाच्या वतीनं मी शब्द देऊन आलो. माझी तऱ्हा त्यांच्या नेमकी उलटी होती, हेही सांगायला हवं. मी महाराजांच्या खासगी खात्यात कारकून. आपलं बोटसुद्धा न लावता काम पुढच्या माणसाकडे कसं सरकवावं, या विद्येत माझा हात धरणारा कचेरीत कुणी नव्हता. समोर आलेला कागद माझ्यापुढे इतका थोडा वेळ टिके, की त्याची शाईसुद्धा माझ्यापुढे वाळत नसे.

झालं असं, की महाराजांकडे बाहेरच्या संस्थानांतले पाहुणे यायचे होते. त्यांना साठमारी दाखवायची होती. साठमारी म्हणजे हत्तीला चिडवायचं, तो अंगावर आला की पळत सुटायचं आणि दगडी बुरुजाच्या फटीत शिरायचं. हा खेळ आमच्याकडच्या माणसांना फार आवडे. हत्तीचं मत कुणी विचारलेलं नाही. तर उन्हाचे दिवस, पाहुणे शामियान्यात बसणार, त्यांच्यासाठी थंड काहीतरी हवं, म्हणून आमचे कारभारीसाहेब म्हणाले, “पुण्याहून सोडा मागवावा.”

पुण्याहून! माझ्यातला कोल्हापूरकर ताडकन उठून उभा राहिला, आणि दुर्दैवानं त्याच्याबरोबर मीही उभा राहिलो.

“साहेब, आमच्या गल्लीत असा सोडा होतो, की पुण्याच्या माणसाला तो प्यायल्यावर आपल्या गावी जावंसं वाटत नाही.”

“शामियान्याला पुरेल?”

“पुरून उरेल.”

“जबाबदारी कुणाची?”

“माझी,” मी म्हणालो. हा शब्द कचेरीत मी पहिल्यांदाच उच्चारत होतो. तो कसा वापरतात याचा सराव नव्हता.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “ठीक. पण एक पाहुणा जरी कोरडा राहिला, तर इथल्या सोड्याचं नाव वाड्यावर पुन्हा निघणार नाही. तुमचंही.”

मी गल्लीत आलो तेव्हा नबीभाई गुलाबाचा पाक गाळत होते. त्यांचे वडील अत्तरं विकत. त्यामुळे गुलाबाच्या बाबतीत त्यांचं नाक फार वरच्या दर्जाचं. मी बातमी सांगितली. त्यांनी गाळणं खाली ठेवलं.

“वाड्यावर? माझा सोडा?”

“तुमचाच.”

चेहरा असा फुलला की मला वाटलं, सुटलो. त्यांनी हात पुसले, टोपी नीट केली, आणि जणू पाहुणे आताच येणार आहेत अशा थाटात स्टुलावर बसले. मग हळूच त्यांची नजर स्वतःच्या अंगठ्यावर गेली. कितीतरी वेळ ते अंगठ्याकडे बघत राहिले.

“माणसं किती?”

“शामियाना भरून.”

“सांगून या जावा. हुईत न्हाय म्हणून.”

“अहो, पाहुणे आपापली बाटली फोडतील की!”

पाहुण्यांनी एकमेकांच्या दाढ्या कराव्यात असं मी सुचवलं असतं, तरी नबीभाईंनी माझ्याकडे याहून बऱ्या नजरेनं पाहिलं असतं. “पावण्याला वाड्यावर बोलवायचं आन् त्येलाच कामाला लावायचं? आप्पा, तुमच्या कचेरीत चालत असंल. हितं न्हाय.”

दुकानाच्या मागच्या बाजूला गोणपाटाचा पडदा होता. त्याच्याआड घर. पडद्याआड बांगड्या वाजल्या. खतिजाभाभी. त्या पडद्याबाहेर येत नसत, पण दुकानातलं त्यांच्या कानातून काही सुटत नसे.

“आप्पाभाऊ,” त्या आतून म्हणाल्या, “इचलकरंजीला जावा आन् रसूलला घिऊन या.”

“कोण रसूल?” नबीभाई म्हणाले.

“तुमचा ल्योक. इसरलासा व्हय?”

नबीभाईंनी गाळणं उचललं आणि गाळलेलाच पाक पुन्हा गाळायला घेतला.

रसूल त्यांचा एकुलता एक मुलगा. चांगला मिशा फुटलेला, खांदे बापासारखेच. तो दुकानात असताना बापानं त्याला एकच काम दिलं होतं: रिकाम्या बाटल्या रांगेत लावायच्या. त्या रांगाही मग बाप पुन्हा लावी. एके दिवशी नबीभाई नमाजाला गेले असताना एक तहानलेला शेतकरी आला. रसूलनं बाटली फोडली, शेतकरी प्यायला, ढेकर दिला, आणि तेवढ्यात नबीभाई परत आले. त्यांनी काय करावं? दुसरी बाटली काढली, स्वतःच्या अंगठ्यानं फोडली, त्याच शेतकऱ्याच्या हातात दिली आणि म्हणाले, “मगाचा ढेकर धरू नगासा, पावणं.”

शेतकरी खूश झाला. रसूल मात्र त्याच दुपारी बोचकं घेऊन बाहेर पडला. इचलकरंजीत तेव्हा नवे यंत्रमाग येत होते, तिथं कामाला लागला. गल्लीत नबीभाई सांगत, “कापडाचं काम शिकायला घातलाय त्येला.” आम्ही सगळे मान डोलवत असू.

मी निघालो तेव्हा पडद्याच्या फटीतून भाभींनी रसूलसाठी चटणी-भाकरीचं गाठोडं दिलं. म्हणाल्या, “त्येला सांगा, आई बोलावती. बाप बोलावतो म्हणू नगासा, त्येला खरं वाटायचं न्हाय.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “ह्यांचं पयल्यापासनं असंच हाय. रसूल अंगावर पीत हुता तवा त्येचा ढेकर काढायचं काम ह्यांचं. मलासुदिक देत न्हवते. खांद्यावर टाकून गल्लीच्या ह्या टोकापासनं त्या टोकापतूर फिरायचे. आला का, आला का, करीत.”

हातकणंगल्यापर्यंत आगगाडी आणि पुढे बैलगाडी असा प्रवास करून मी इचलकरंजीला पोचलो. मागाच्या छपरात इतका आवाज होता, की मी आणलेला निरोप मला ओरडून सांगावा लागला, आणि तो रसूलशिवाय सगळ्यांनी ऐकला. बाहेर येऊन त्यानं गाठोडं सोडलं, भाकरी मोडली आणि विचारलं, “काका, अब्बा दांडा फिरवायला देणार हाईत का?”

“देणार,” मी म्हणालो.

“बाटली फोडायला?”

“तीही.”

“त्येंनी सांगितलंय असं?”

“अगदी असंच.”

दुसऱ्याच्या वतीनं शब्द द्यायचा मला आता चांगलाच सराव झाला होता.

रसूल आला. दुकानाच्या पायरीवर उभा राहिला. बाप-लेकांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं आता गळाभेट होईल. नबीभाईंनी आतून बाटल्या धुवायचा ब्रश आणला आणि त्याच्या हातात दिला.

“ह्या कडंपासनं सुरू कर.”

रसूलनं ब्रश खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. त्यानं बोचकं उचललं.

आणि गोणपाटाचा पडदा बाजूला झाला. इतकी वर्षं शेजारी राहून मी खतिजाभाभींना तोपर्यंत समोरासमोर पाहिलेलं नव्हतं. कमरेला पदर खोचलेला, हाताला यंत्राचं तेल लागलेलं.

“मागल्या साली तुमी तापानं फणफणत पडला हुतासा,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “तवा दुकान बंद हुतं, न्हवं का?”

“बंदच हुतं.”

“चालू हुतं. दांडा मी फिरवला. बाटल्या पडद्याखालनं भाईर सारल्या. लोकांनी आपल्या आपल्या फोडल्या. हे आप्पाभाऊ रोज याचे. ढेकर दिलासा का न्हाय, आप्पाभाऊ?”

सगळी गल्ली हे जाणून होती आणि सगळ्या गल्लीनं ते पोटात ठेवलं होतं. बोलण्याची पाळी माझ्यावरच का यावी?

“आठवत नाही,” मी म्हणालो.

“दिला. मी आत ऐकला. नेहमीचाच हुता.”

नबीभाई बाहेर जाऊन पायरीवर बसले. येणारा-जाणारा सलाम करी, त्याला उत्तर देत नसत. आत यंत्र गप्प, रसूल गप्प, मी तर फारच गप्प. एवढ्या वेळात त्या माणसाच्या मनात काय आलं-गेलं ते मला माहीत नाही. माझं काम माझ्यावाचून होतं हे मला कुणी सांगितलं असतं तर मी आनंदानं झोपी गेलो असतो. नबीभाई पायरीवर असे बसले होते, जसं काही घरातलं कुणी परगावी चाललंय आणि गाडी अजून यायची आहे.

शेवटी उठले. आत आले. रसूलकडे न पाहता यंत्राशी बोलल्यासारखं म्हणाले, “दांडा डाव्या अंगाला जड जातोय. तेल घाल जरा.”

रसूलनं बोचकं खाली ठेवलं.

“भरायचं काय ते मायलेकरं भरा,” नबीभाई पुढे म्हणाले. “फोडणार मी. त्येच्यात बोलू नगासा कुणी.”

त्या दिवसापासून यंत्र चालू झालं. भाभी पाक मोजत, रसूल दांडा फिरवी. नबीभाई दोघांच्या मध्ये येरझारा घालत. दर भरलेली बाटली ते कानाशी धरून ऐकत. चूक सापडत नव्हती, त्यामुळे फार वैतागलेले होते. मला हळूच म्हणाले, “पोरगं मागावर राहून हातानं निबार झालंय. दांडा कसा एकसारखा फिरवतंय बघा.” मग मी ते रसूलला सांगीन या भीतीनं लगेच म्हणाले, “तसा थोडा हळू फिरवतोय.”

साठमारीचा दिवस उजाडला. बाटल्यांची खोकी मैदानाजवळच्या एका चिंचेखाली गार सावलीत ठेवली होती, वर ओली गोणपाटं. नबीभाई आणि रसूल शामियान्यात मांडामांड करायला निघाले. जाताना नबीभाईंनी मला काम नेमून दिलं.

“आप्पा, तुमी हितं बसा. आन् कशाला हात लावू नगासा.”

इतकं सोपं काम मला कचेरीतही कधी मिळालं नव्हतं. मी बसलो. बसल्या बसल्या विचार केला. वाड्यावरचे पाहुणे, कोल्हापूरचा सोडा, आणि तो दिसतो कसा? गोणपाटाखाली, बटाट्यासारखा! बाहेरच्या संस्थानांत जाऊन हे काय सांगतील? मी वरचं गोणपाट काढलं. पहिल्या खोक्यातल्या बाटल्या समोरच्या दगडी कठड्यावर ओळीनं उभ्या केल्या. ऊन त्यांच्यातून आरपार जाऊ लागलं. हिरवी काच, आत गुलाबी सोडा. मी दोन पावलं मागे सरून पाहिलं. खरोखर, दरबाराला साजेसं दृश्य होतं. आपल्या हातून कधी कधी चांगलं काम होतं, असं मला वाटलं.

हत्ती मैदानात आला. लोकांनी आरोळ्या दिल्या. एक साठमार फडकं हलवत पुढे झाला, हत्तीनं सोंड उचलली, साठमार पळत सुटला, हत्ती मागे, आणि नेमकी तेव्हा पहिली बाटली फुटली.

तापलेल्या सोड्याचा बार तोफेला लाजवतो. हत्ती थांबला. दुसरी फुटली. हत्तीनं मान वळवून थेट माझ्याकडे पाहिलं. तिसरी, चौथी. लोक ओरडले, “बंदूक! बंदूक!” जीव घेऊन पळणारा साठमार चालत चालत बुरुजात जाऊन बसला. त्या खेळात इतक्या आरामात बुरुज गाठणारा तो पहिलाच असावा.

नबीभाई धावत आले. माझ्याकडे बघायलाही वेळ न घालवता कठड्यावरच्या बाटल्या सावलीत ओढू लागले. शेवटची एक हातातच फुटली.

रक्त अंगठ्यातून येत होतं. उजव्या.

रसूलनं आपल्या डोक्याचं मुंडासं सोडलं, टोक फाडलं आणि बापाचा अंगठा गच्च बांधला. बाकीची खोकी गोणपाटाखाली सुखरूप होती. शामियान्यात पाहुणे घाम पुसत होते. कारभारीसाहेब लांबून हात हलवून विचारत होते: कुठंय सोडा?

नबीभाईंनी डाव्या हातात बाटली घेतली, डाव्या अंगठ्यानं गोटी दाबून पाहिली. गोटी हलली नाही. पुन्हा दाबली. मी म्हणालो, “नबीभाई, मी—”

“तुमी बसा.”

त्यांनी बाटली रसूलपुढे धरली. खांद्यावरचा पंचा काढून त्याच्या खांद्यावर टाकला.

रसूलनं बाटली घेतली नाही. बापाच्या डोळ्यात बघून विचारलं, “हा ढेकर धरायचा, का न्हाय?”

मला वाटलं, झालं. आता दोघंही इथंच बसणार, आणि पुढच्या महिन्यात मी इचलकरंजीला माग चालवणार.

“धरतो,” नबीभाई म्हणाले. मग त्याच्या खांद्यावरचा पंचा नीट केला. “जा. आन् दाबू नगंस. इचार तिला.”

“ठावं हाय, अब्बा.”

रसूल शामियान्यात शिरला. त्यानं पहिल्या पाहुण्यापुढे उभं राहून बाटलीचं तोंड पुसलं, डोळे मिटले, अंगठा ठेवला, थांबला. टॉक्! तोच आवाज. डोळे मिटून ऐकला असता तर बाप की लेक, सांगता आलं नसतं. नबीभाईंनी खरंच डोळे मिटले होते.

पण ढेकर येईना, आणि एकेकासाठी थांबायला सवड नव्हती. पहिला पाहुणा गप्प, दुसरा गप्प, सगळी रांग गप्प. मोठमोठी माणसं, दरबारी पोशाख, समोर महाराज उभे राहून हत्तीकडे बघतायत. ढेकर कोण देणार? जो तो रुमाल तोंडाशी धरून आतल्या आत सोसत होता. नबीभाईंचा चेहरा उतरत चालला. ते शामियान्याच्या खांबाला टेकून एकेक गळा न्याहाळत होते.

“आप्पा, ग्यास कमी पडला का वो?”

तेवढ्यात मागच्या रांगेतले एक म्हातारे सरदार, अंगानं भरदार, गळ्यात मोत्यांचा कंठा, बाटली संपवून मागे रेलले. त्यांच्या पोटातून काहीतरी निघालं, वर चढलं आणि शामियान्यात असं काही घुमलं, की मैदानातल्या हत्तीनं दुसऱ्यांदा मान वळवली. “वा!” म्हातारबुवा म्हणाले. मग कुणाला कसली भीड राहते? या टोकापासून त्या टोकापर्यंत ढेकर उठू लागले. बारीक, जाड, लांब, तुटक. कारभारीसाहेबांनीही एक दिला. मी तो लक्षात ठेवला. नोकरीत असं काही हाताशी असलेलं बरं.

नबीभाई खांबाला टेकून ऐकत होते. आजवर त्यांना एका वेळी एकच चेहरा बघायला मिळाला होता. आता सगळा शामियाना समोर होता, आणि मध्ये खांद्यावर पंचा टाकलेला रसूल टॉक्, टॉक् करत पुढे पुढे चालला होता. नबीभाईंनी शेजारी उभ्या असलेल्या भालदाराला कोपरानं ढोसलं. ओळख ना पाळख.

“पावणं, त्यो सोडा फोडतोय न्हवं? माझा ल्योक हाय त्यो.”

भालदार म्हणाला, “व्हय का?”

“व्हय तर. माझाच.”

मग ते दुसऱ्या बाजूच्या भालदाराकडे गेले. त्यालाही सांगितलं.

खेळ संपला, पाहुणे गेले, मैदानात पाणी मारायला लोक आले. रसूल चिंचेखाली रिकाम्या खोक्यावर येऊन बसला. दिवसभर त्याच्या तोंडात थेंब गेला नव्हता. उरलेल्यातली एक बाटली त्यानं घेतली, फोडली आणि घटाघटा प्यायला. नबीभाई मागे उभे होते. त्यांचा डावा हात आपोआप उचलला गेला आणि त्या मिशाळ, दांडग्या पोराच्या पाठीवर फिरू लागला. खालून वर, हळू हळू, मध्येच एक थापटी.

“आला का?” ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले. “आला का?”

रसूल हलला नाही. बाटली कधीच रिकामी झाली होती, पण ती त्यानं तोंडापासून दूर केली नाही. मी चिंचेच्या फांद्या बघत राहिलो. चिंचा बऱ्याच लागल्या होत्या.

त्यानंतर वाड्यावर पुण्याचं नाव निघालं नाही. रसूलचे इचलकरंजीचे कपडे बैलगाडीनं परत आले. आता यंत्रावर भाभी, दुकानाच्या तोंडाशी रसूल, आणि नबीभाई मागच्या खोलीत गुलाबाच्या पाकात निवांत नाक घालून बसलेले. सोडा कसबा बावड्याला जाऊ लागला, पार घाटमाथ्यावर गगनबावड्यालाही गेला, जिथं मुळात कुणाला गरम होत नाही. लग्नांतल्या शेवटच्या पंगतीही ढेकर देऊ लागल्या. पाटी रसूलनं नव्यानं रंगवून घेतली. ती वाचता येते. बापाचा अंगठा बरा झाला. कधी दुकानात गर्दी झाली की नबीभाई उठून बाहेर येत, पंचा घ्यायला हात पुढे करत, आणि रसूलचं चाललेलं बघून तसेच मागे वळत. जाताना रांगेतल्या कुणाला तरी सांगत, “माझा ल्योक हाय.” गल्लीतल्या माणसालाही सांगत.

एवढा सगळा बदल माझ्यामुळे झाला, असं मला राहून राहून वाटे. मी शब्द दिला नसता तर? मी बाटल्या उन्हात मांडल्या नसत्या तर? एका संध्याकाळी मी हे सगळं त्यांना समजावून सांगितलं आणि म्हणालो, “नबीभाई, आता तुम्ही सगळ्यांच्या हाती काम सोपवता. भाभी भरतात, रसूल फोडतो. एकदा मलाही एक बाटली फोडू द्या की. मीही घरचाच.”

नबीभाईंनी पाकातून नाक बाहेर काढलं. माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं. रसूलला हाक मारून माझ्यासाठी एक गुलाबी बाटली फोडायला सांगितली, ती माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले,

“आप्पा, तुमी निस्ता ढेकर द्या. तेवढंच जमतंय तुमाला.”